पहिले पुस्तक : संहिता पूर्ण करण्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंत

पहिल्या पुस्तकाची संहिता वर्षानुवर्षे रेंगाळते, ती बहुधा कोठे थांबायचे हे आधी ठरलेले नसते म्हणून. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला आणखी एक दप्तर पाहायचे असते, आठवणी लिहिणाऱ्याला रोज नवा प्रसंग आठवतो आणि कथासंग्रह करणाऱ्याला अजून एक कथा हवीशी वाटते. यावर उपाय म्हणजे पुस्तकाची पाने आधी ठरवणे. डेमी आकाराच्या पानावर नेहमीच्या टाइपात साधारणपणे अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे १६० पानांच्या पुस्तकाला चाळीस ते पंचेचाळीस हजार शब्द पुरे होतात. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका वेळी छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या संचात होते, त्यामुळे १६० पानांचे दहा फर्मे नेमके बसतात. मजकूर १६३ पानांवर गेला, तर उरलेल्या कोऱ्या पानांचा कागदही लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या खिशातूनच जातो. हा हिशोब समोर ठेवून लिहिणाऱ्याला कोणते प्रकरण गाळायचे हे लवकर सुचते.

पहिला खर्डा झाल्यावर तो दोघांना वाचायला द्यावा : एक विषयाचा जाणकार आणि दुसरा विषयाशी संबंध नसलेला, पण सवयीने पुस्तके वाचणारा. जाणकार तपशिलातल्या चुका काढील. दुसऱ्याला मात्र फक्त एवढेच विचारावे की कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवावेसे वाटले. नातेवाइकांचे अभिप्राय प्रेमाने ऐकावेत, पण त्यांच्या भरवशावर संहिता छापायला देऊ नये.

मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईआधी प्रूफ तपासण्यात मराठी लेखक सर्वांत जास्त घाई करतो आणि पुढे हळहळतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा लेखनविषयक नियम हा पाया झाला. पण नियमांपलीकडे प्रत्येक पुस्तकाची स्वतःची शब्दसूची लागते. ‘कोठे’ लिहायचे की ‘कुठे’, गावांची आणि व्यक्तींची नावे कशी लिहायची, अंक देवनागरी ठेवायचे की कसे, हे एका कागदावर लिहून तो कागद मुद्रितशोधकाकडे द्यावा. दुसरी अडचण तांत्रिक आहे. लेखक मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये लिहितो आणि अनेक डीटीपी चालक आजही तो मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलून मगच पाने लावतात. या बदलात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हटकून बिघडतो, काही जोडाक्षरे सुटी होतात आणि अवतरणचिन्हे उलटी फिरतात. मूळ संहिता तपासलेली आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या पुस्तकात हेच दोष छापून येतात. म्हणून पाने लागल्यानंतर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, तेही पाहावे. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ठरवून दिलेल्या वर्णमालेत त्यांची मराठी वळणेच दिली आहेत. शेवटचे प्रूफ कागदावर वाचावे आणि त्यात मजकुराइतकेच लक्ष अनुक्रमणिकेतील पृष्ठांक, पानांवरील शीर्षके आणि पुस्तकाच्या कण्यावरील नाव यांकडे द्यावे.

पुस्तक छापायला जाण्यापूर्वी दोन कामे उरकावी लागतात, कारण नंतर ती करता येत नाहीत किंवा महागात पडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाच्या अप्रकाशित संहितेसाठी आहे. पुस्तक निघाल्यावर तिचा उपयोग नाही. दुसरे काम कराराचे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखनाचा हक्क लिहिता क्षणीच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. त्यामुळे ‘सर्व हक्क कायमचे’ अशा एका ओळीवर सही करण्याऐवजी छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. रॉयल्टी छापील किमतीवर मिळणार की सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर, हेही स्पष्ट असावे. तीनशे रुपये किमतीच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या, तर छापील किमतीवर दहा टक्क्यांनी पंधरा हजार रुपये होतात. विक्रेत्याचे चाळीस टक्के वजा करून हिशोब केला, तर तेच नऊ हजार. खर्च लेखकानेच करायचा असेल, तर किती प्रती छापल्या याची लेखी नोंद आणि पानांची अंतिम फाइल आपल्याकडे घ्यावी.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो; तेव्हा या क्रमांकासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारावे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल, तर हे काम त्याचे.

आता प्रसिद्धी. नवा लेखक जवळजवळ सगळी हौस आणि बरीचशी रक्कम प्रकाशन समारंभावर घालवतो, आणि माझ्या मते पुस्तक खपवण्याचा तो सर्वांत कमजोर मार्ग आहे. सभागृह, हार-तुरे, अध्यक्षांचा प्रवास आणि चहापाणी यांत खर्च होतो. आलेल्यांपैकी निम्म्यांना ‘सप्रेम भेट’ लिहून प्रत द्यावी लागते आणि उरलेल्यांना ती मिळेल अशी आशा असते. समारंभ करायचाच, तर तो पुस्तकाच्या विषयाशी बांधलेल्या जागी करावा. मासेमारीवरचे पुस्तक कोळीवाड्यात आणि शिक्षकाच्या आठवणी त्याच्या शाळेत प्रकाशित झाल्या, तर तिथे विकत घेणारे भेटतात.

खरी प्रसिद्धी पुस्तकाच्या आधी सुरू होते, आणि मराठीत तिचे जुने साधन म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी वाचक नव्या नावांची ओळख या अंकांतून करून घेत आला आहे. संपादकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू असते, म्हणून पुस्तकातील स्वतंत्रपणे वाचता येईल असे एक प्रकरण जूनच्या सुमारास पाठवावे आणि पुस्तक दिवाळीनंतर, संमेलने आणि ग्रंथप्रदर्शने सुरू होण्याच्या सुमारास बाजारात आणावे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांकडे आणि नियतकालिकांकडे प्रथेप्रमाणे दोन प्रती पाठवाव्यात आणि सोबत एका पानाचे परिचयपत्र जोडावे. त्यात स्वतःच्या पदव्यांपेक्षा पुस्तकात नवे काय आहे ते दोन परिच्छेदांत असावे. पुष्कळ ठिकाणी केवळ ‘साभार पोच’, म्हणजे पुस्तक मिळाल्याची नोंद छापून येईल. त्यावर रुसू नये, ग्रंथपाल त्या याद्याही पाहतात.

ग्रंथपालांना फार कमी लेखक विचारात घेतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत आणि अनुदानाचा काही भाग त्यांना पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीसाठी पुस्तक वेळेवर पाठवले की नाही, हे प्रकाशकाला विचारून घ्यावे. त्याशिवाय आपल्या जिल्ह्यातील, शासनाच्या वर्गवारीत ‘अ’ आणि ‘ब’ वर्गात येणाऱ्या मोठ्या ग्रंथालयांना स्वतः भेट द्यावी, पुस्तक दाखवावे, तेथील वाचकांसमोर बोलण्याची तयारी दाखवावी. विक्रीसाठी मोठ्या संमेलनातील गर्दीपेक्षा लहान संमेलने अधिक उपयोगी पडतात. बेळगाव परिसरात कडोली, येळ्ळूर यांसारख्या गावांत हिवाळ्यात होणाऱ्या संमेलनांत लेखक स्वतः टेबलामागे उभा राहिला, तर वाचक थांबून प्रत चाळतो आणि घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते मुखपृष्ठ फिरवल्याने शुभेच्छा मिळतात, मागणी येत नाही. त्याऐवजी पुस्तकातील एका चांगल्या पानाचे छायाचित्र, टपालखर्चासह किंमत आणि पैसे भरण्याचा क्रमांक, एवढेच एका संदेशात असावे. विक्रेत्याकडे विक्रीनंतर पैसे मिळण्याच्या बोलीवर प्रती ठेवल्यास त्याची सही असलेली पावती घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी हिशोब विचारावा.

पहिल्या आवृत्तीची एक प्रत घरी बाजूला ठेवावी आणि वाचकांनी कळवलेल्या चुका तिच्यात पेन्सिलीने टिपत जाव्यात. त्या दुरुस्त्या छापखान्याच्या फाइलबरोबर आपल्या मूळ युनिकोड संहितेतही उतरवाव्यात, कारण पुढे ई-पुस्तक निघाले किंवा अनुवादकाने मजकूर मागितला, तर तीच संहिता द्यावी लागते.