ग्रेड ८ क्लॅरिनेट: परीक्षेचे पीस कसे निवडावेत

एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश बोर्डांच्या ग्रेड ८ ची, म्हणजे शेवटच्या ग्रेडच्या परीक्षेची, पीसची यादी हातात पडली की बहुतेक मुलं आधी यूट्यूब उघडतात. सगळ्यात झपाट्याचा पीस कुठला ते शोधतात, संगीतकार वेबरवर बोट ठेवतात आणि उरलेल्या जागा ‘जरा सोपं काहीतरी’ घेऊन भरतात. शिकवणारेही पुष्कळदा मान डोलावतात. माझ्या मते ही निवड शेवटाकडून सुरू झालेली असते. संथ पीस आधी ठरवा, बाकीचे दोन त्याच्या भोवती बसवा.

कारण साध्या हिशेबात आहे. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत तीन पीस असतात आणि प्रत्येकाला ३० गुण. एकूण १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटीत १०० पैकी प्रत्येक पीसला २२ आणि डिस्टिंक्शन ८७ ला. म्हणजे चार पानांच्या धावपळीला जेवढे गुण, तेवढेच दीड पानाच्या संथ पीसला. आणि परीक्षकाला सूर, दम आणि आवाजाची जात नीट ऐकायला फुरसत मिळते ती या दीड पानातच.

स्केल्स चालू आहेत, रीड (तोंडाशी बसणारी वेताची पातळ पट्टी) बरी आहे, एबीआरएसएम देणाऱ्यांची ग्रेड ५ थिअरी झाली आहे, हे सगळं धरून चालतो.

१. यादी

चालू वर्षाचा सिलॅबस बोर्डाच्या साइटवरून घ्या. कुणा ताईदादाची तीन वर्षांपूर्वीची पीडीएफ नको. प्रत्येक यादीतून किती पीस घ्यायचे ते दोनदा वाचा. रेकॉर्डिंग पाठवून द्यायची ‘परफॉर्मन्स ग्रेड’ घेणार असाल तर चार पीस एका दमात, कॅमेरा न थांबवता वाजवायचे असतात. ओठांची तयारी त्या बेताने लागते.

२. हातात कुठला क्लॅरिनेट आहे?

आपल्याकडे पुणे-मुंबईत किंवा गोव्यात विद्यार्थ्याकडे एकच वाद्य असतं, बी फ्लॅट. मोत्सार्टचा कॉन्चेर्तो (के. ६२२, १७९१) आणि शुमनचे फँटासीश्ट्युके (ओपस ७३, १८४९) मात्र ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे बी फ्लॅटपेक्षा अर्धा सूर खालच्या वाद्यासाठी, लिहिलेले. बी फ्लॅटसाठी केलेल्या प्रती मिळतात, पण त्या दोन जातींच्या असतात. काहींत पियानोचा भागही बदललेला असतो. काहींत पियानो मूळ सुरातच राहतो आणि सगळा भार आपल्या बोटांवर येतो. मोत्सार्टच्या कॉन्चेर्तोतला संथ भाग, अदाजियो, ए क्लॅरिनेटवर एफ मेजरमध्ये आरामात बसतो. मूळ पियानोबरोबर बी फ्लॅटवर घेतलात तर तोच ई मेजर, चार शार्प. पियानोची प्रत एका संचातली आणि क्लॅरिनेटची दुसऱ्यातली असं झालं, तर पहिल्या तालमीत दोघं अर्ध्या सुराच्या अंतरावर वाजवत बसता. म्हणून दोन्ही प्रती एकाच संचातल्या घ्या, आणि निवडलेली प्रत बोर्डाला चालते का तेही बघा.

३. संथ पीस

मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

संथ पीस निवडताना लोक पानावर काळं किती आहे ते बघतात. स्वर कमी, म्हणजे सोपा. सँ-साँसच्या सोनाटाचा (ओपस १६७, १९२१) तिसरा भाग, लेंतो, घ्या. पान जवळजवळ रिकामं दिसतं. लांब लांब स्वर, बोटांचं काम नगण्य. ग्रेड ५ चा विद्यार्थीही त्यातले स्वर वाचून वाजवेल. पण चाल आधी अगदी खालच्या भागात, पूर्ण जोरात येते आणि नंतर तीच दोन सप्तकं वर, अगदी हळू. क्लॅरिनेटची खोड नेमकी आड येते ती इथे: जोर वाढवला की सूर उतरतो, आवाज कमी केला की सूर चढतो. बासरीचं याच्या उलट असतं, त्यामुळे बासरीवाल्यांचा सल्ला इथे ऐकू नका. खाली जोरात वाजवताना तुम्ही पियानोच्या खाली घसरता, वर हळू वाजवताना पियानोच्या वर चढता, आणि लपायला पान रिकामं. एकटे वाजवत असता तेव्हा हे कानाला कळतच नाही. पियानो सुरू झाला की कळतं.

लेंतो घेऊच नका, असं म्हणत नाही. ज्याचा वरचा हळू स्वर स्थिर आहे त्याच्यासाठी यासारखा पीस नाही. पण घेण्याआधी परीक्षा घ्या. दिवसभराचा रियाज संपवून ओठ थकलेले असताना तो वरचा भाग हळू वाजवा. ट्यूनर समोर ठेवा, पण वाजवताना त्याच्याकडे बघू नका. दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. काटा वर जाऊन तिथेच बसत असेल आणि आठवड्याभरात जागचा हलत नसेल, तर या परीक्षेसाठी तो पीस सोडा. ओठ आवळून बसलेली सवय मोडायला काही महिने लागतात, आणि तुमच्याकडे तेवढे नसतात.

दुसरी तपासणी दमाची. शुमनच्या पहिल्या पीसमध्ये क्लॅरिनेटला जवळपास विश्रांतीच नाही. स्वर अवघड नाहीत, श्वास कुठे घ्यायचा हे अवघड आहे. पीस शिकायला घेण्याआधी पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करा आणि त्या खुणांवरच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाजवा. अर्ध्यावर डोकं गरगरलं तर दम कमी पडत नाहीये, शिळी हवा आत साठतेय. अशा जागी श्वास घेण्याआधी सोडावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ वाक्य न तोडता सापडत नसेल तर पीस बदला. ‘होईल हळूहळू’ हा सल्ला मला देणारे बरेच भेटले. त्यातल्या कुणी तो पीस स्वतः वाजवला होता असं वाटत नाही.

तिसरी, ‘थ्रोट’ म्हणजे वाद्याच्या गळ्यातल्या स्वरांची. लिहिलेले जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट हे या वाद्याचे पांगळे स्वर. जवळजवळ सगळी बोटं उघडी, नळीचा छोटासा तुकडा वाजतोय, आवाज घोगरा. तिथून लगेच वरच्या बी वर जायचं म्हणजे एकदम सगळी बोटं बंद. वेगवान पीसमध्ये हा ब्रेक, म्हणजे दोन सप्तकांमधला सांधा, निसटून जातो. संथ पीसमध्ये चाल याच जागेवर घुटमळत असेल तर प्रत्येक वेळी आवाजाचा रंग बदललेला ऐकू येतो. पीसमधल्या लांब स्वरांवर बोट फिरवा. त्यातले बरेच गळ्यात येत असतील तर त्याच यादीतला दुसरा पीस उघडा.

एक गोष्ट आपल्या हवेची. मुंबईत पावसाळ्यात सराव बंद, दमट, गरम खोलीत होतो आणि परीक्षा बहुधा एसीत. थंड हवेत क्लॅरिनेट उतरतो, पियानो मात्र होता तिथेच असतो. बॅरल (मुखाखालचा छोटा जोड) आधीच बाहेर ओढून वाजवायची सवय असेल तर आत ढकलायला जागा उरते. आधीच पूर्ण आत ढकलून वाजवत असाल तर एसीत करण्यासारखं काही उरत नाही, आणि ते सगळं उघडं पडतं ते संथ पीसमध्येच. निवड पक्की करण्याआधी एकदा एसीच्या खोलीत, पियानोबरोबर, फोनवर रेकॉर्ड करून बघा.

४. वेगवान पीस

बोटांचा वेग वाढतो, जिभेचा फारसा वाढत नाही. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. पीसमधल्या सगळ्यात वाईट आठ बार शोधा. अडचण बोटांची असेल तर घ्या. अडचण सलग टंगिंगची, म्हणजे जिभेने स्वर तोडण्याची, असेल आणि तुमची जीभ लिहिलेल्या वेगाच्या बरीच मागे असेल, तर सोडा. वेबर (कॉन्सर्टिनो आणि दोन्ही कॉन्चेर्तो, तिन्ही १८११ चे, हाइनरिख बेरमानसाठी लिहिलेले) या बाबतीत दयाळू आहे. बांधून कुठे वाजवायचं आणि तोडून कुठे, याबाबत वेगवेगळ्या प्रतींत वेगवेगळं दिसतं, त्यामुळे तुमच्या जिभेला परवडेल अशी मांडणी सापडते. ऑर्नल्डच्या सोनाटिनात (१९५१) आणि होरोविट्झच्या सोनाटिनात (१९८१) तशी सूट नाही, लिहिलंय तसंच वाजवावं लागतं. होरोविट्झचा शेवटचा भाग जॅझच्या अंगाने जातो. ताल आत भिनलेला असेल तरच त्याच्या वाटेला जा.

करंगळीच्या कळा डाव्या-उजव्या आलटून पालटून येतात तिथे पहिल्याच दिवशी डा-उ लिहून टाका.

५. तिसरा पीस

दोन्हींपेक्षा वेगळा असावा, एवढंच. बँडमधून किंवा सिनेसंगीतातून आलेल्या मुलांना मींड आणि सुराचा कंप सहज जमतो, आणि ती मोठी जमेची बाजू आहे. त्यांनी तो हात दाखवायला विसाव्या शतकातला पीस घ्यावा, वेबरच्या अंगावर ते दागिने घालू नयेत. एकट्याने वाजवायचे पीस साथीदाराचा खर्च वाचवतात म्हणून मोहात पाडतात. स्ट्राविन्स्कीचे तीन पीस घेणार असाल तर पहिले दोन ए क्लॅरिनेटसाठी सुचवलेले आहेत, हे लक्षात असू द्या.

६. साथीदार

पियानोवर कोण बसणार हे ठरल्याशिवाय निवड पक्की करू नका. ब्राम्सचे सोनाटा (ओपस १२०, १८९४) ‘क्लॅरिनेट आणि पियानो’ असेच आहेत. पियानोवाला तिथे मागे बसून साथ करत नाही, अर्धा पीस त्याचा असतो, आणि कच्चा हात असेल तर तुम्ही कितीही चांगलं वाजवा, दोघंही बुडता. सँ-साँसच्या सोनाटाचा पहिला भाग पियानोवाल्याला बऱ्यापैकी झेपतो. पूलांकच्या सोनाटात (१९६२) बेसावध पियानोवाला लय हरवतो. तुमच्या गावात एकच चांगला साथीदार असेल आणि त्याच सत्रात त्याच्याकडे आणखी दहाजण असतील, तर त्याला आधीच येणारे पीस विचारून घ्या. यादीतल्या दोन बऱ्या पर्यायांपैकी त्याच्या हातात बसलेला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रतींचंही इथेच बघा. वेबर, ब्राम्स, सँ-साँस यांची जुनी छापील नोटेशन्स नेटवर कायदेशीर फुकट मिळतात. ऑर्नल्ड, होरोविट्झ विकतच घ्यावे लागतात आणि बाहेरून यायला आठवडे जातात. फॉर्म भरण्याआधी मागवा.

७. क्रम आणि काटछाट

तिन्ही पीस कुठल्या क्रमाने वाजवायचे ते तुम्ही ठरवता. वेगवान पीसने सुरुवात करू नका, वाद्य थंड असतं आणि बोटंही. संथ पीसही पहिला नको, सूर अजून बसलेला नसतो. तिसरा पीस आधी, संथ मधे, वेगवान शेवटी, हा क्रम बहुतेकांना मानवतो. फक्त वेगवान पीस ओठांना दमवणारा नाही ना, ते तिन्ही सलग वाजवून बघा.

कॉन्चेर्तो असेल तर पियानोचे लांब तुकडे कापायचे असतात. परीक्षकाला वेबरचा ऑर्केस्ट्रा पियानोवर ऐकण्यात रस नसतो. कुठून कुठे उडी मारायची ते दोघांच्या प्रतींवर एकाच बार-नंबरने लिहा, आणि ती उडी प्रत्येक तालमीत प्रत्यक्ष मारा. ‘तिथून घेऊ’ एवढ्या बोलण्यावर सोडलेली उडी परीक्षेच्या दिवशी हमखास चुकते.