बाळाला जुलाब लागले तर ओआरएस नीट कसं द्यायचं

बाळाला जुलाब लागले की घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, बंद कधी होणार? मग दिवसभर ओआरएस, म्हणजे पाकिटातली मीठ-साखरेची पावडर घातलेलं पाणी, पाजूनही संडास पातळच होतेय म्हणून ते सोडून देतात आणि डॉक्टरकडे सलाईन लावा म्हणून मागे लागतात. अहो, ओआरएस जुलाब बंद करायला नसतंच, बाळाच्या अंगातून जे पाणी आणि मीठ जातंय ते परत भरायला असतं. बहुतेक जुलाब पाच-सात दिवसांत आपोआप थांबतात, तोपर्यंत पोर कोरडं पडू द्यायचं नाही हे आपलं काम.

पाकीट आधी नीट वाचा. मोठं पाकीट 1 लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं, आणि जे असेल ते पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात एकदम घालायचं. अंदाजाने थोडी पावडर ग्लासात टाकून बाकीची रबर लावून ठेवायची हे अजिबात नको, कारण मीठ-साखरेचं प्रमाण चुकलं तर फायद्याऐवजी त्रास होतो. आतडं साखरेच्या सोबतीने मीठ आत घेतं आणि त्यामागे पाणी जातं, पण साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात, म्हणून कोल्ड्रिंक किंवा खोक्यातला गोड ज्यूस देऊ नका. पाणी उकळून गार केलेलं घ्या, 24 तासांनी उरलेलं फेकून नवीन करा.

पाकीट नाहीच मिळालं तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच, शीग लावून नाही.

आता पाजायचं कसं. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर प्रत्येक पातळ संडासनंतर 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200, तेही वाटी-चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर घाबरून बंद करू नका, दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, आणखी सावकाश. हे दमवणारं काम आहे खरं, रात्री आळीपाळीने बसावं लागतं, पण याच्यावरच सगळं आहे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पेशंटच्या नातेवाईकांच्याच हातात दिलं, त्यांनीच ते पाजलं, आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले! कॉलऱ्यात जे नातेवाईकांना जमलं ते आपल्यालाही घरात जमतं.

अंगावरचं दूध चालूच ठेवा, जेवणही. उपाशी ठेवून जुलाब थांबत नाहीत, पोर मात्र खंगतं. पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, ताक, सगळं चालतं.

सोबत झिंकची गोळी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून 14 दिवस, जुलाब आधी थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं, मागा बिनधास्त. मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी किंवा अँटिबायोटिक स्वतःहून आणून लहान मुलांना देऊ नका.

आणि दात येतायत म्हणून होतंय असं म्हणून थांबू नका. डोळे खोल गेले, टाळू बसली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जातेय, लघवी होत नाहीये, मूल मलूल पडलंय, पाणी पीतच नाही किंवा सगळं उलटून टाकतंय, संडासात रक्त आहे, यातलं एक जरी दिसलं किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर सरळ दवाखाना गाठा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर रिक्षात, एसटीत बसल्या बसल्याही चमच्याने ओआरएस देत राहा, आणि अंगावरचं दूधही पाजत राहा.