इंदूर ते महेश्वर : डोंगर कसा झिजतो हे वाटेवर पाहण्याची रीत

विदारण (खडक जागीच सैल होणे), क्षरण (सुटलेला माल झिजून वाहून जाणे) आणि संचयन (तो माल कुठेतरी साठणे) हे पाठ्यपुस्तकात तीन वेगळे धडे असतात. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र ते एकाच ठिकाणी, एकमेकांत मिसळून चाललेले दिसतात. म्हणून इंदूरहून महेश्वरला जाणाऱ्या सुमारे 90 किलोमीटरच्या वाटेवर जिथे थांबाल तिथे तीन प्रश्न विचारावेत: खडक कशाने सैल झाला, सुटलेला माल कोणी नेला आणि तो कुठे टाकला. अहिल्याबाईंच्या घाटावर दर्शनाला जाणाऱ्या इंदुरी मराठी घरांना ही वाट पाठ असते, पण रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडींकडे सहसा कोणी पाहत नाही. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघावे. सोबत एक भिंग, पाण्याची बाटली आणि एक लिंबू घ्यावे.

सुरुवात शहरातच करावी. कुठे पायाचे खोदकाम चालू असेल तर सुरक्षित अंतरावरून खड्ड्याची बाजू पाहावी: वर काळी माती, खाली पिवळसर-तपकिरी मुरूम आणि त्याखाली कठीण काळा बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी माळव्याचे पठार घडवले आणि त्याच खडकाचे हे तीन टप्पे आहेत. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातल्या फेल्डस्पार, पायरॉक्सिन यांसारख्या खनिजांवर काम करते. त्यांतले लोह गंजून मुरमाला रंग येतो, तर उरलेल्या घटकांतून पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तयार होते, जी उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विरघळलेला चुना मात्र सगळाच वाहून जात नाही. त्यातला काही मातीतच पांढऱ्या कंकरांच्या रूपाने पुन्हा साठतो. अशा खड्यावर लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे येतात. विदारण आणि संचयन हाताच्या अंतरावर पाहण्याचा याहून सोपा उपाय माझ्या माहितीत नाही.

महूच्या पुढे घाटातल्या कापलेल्या दरडींमध्ये गोल धोंडे शोधावेत. नदीने ते गोल केले असावेत, असा पहिला समज होतो. परंतु ते जागच्या जागी गोल झालेले असतात. लाव्हा थंड होऊन आकसताना खडकाला सांधे, म्हणजे तडे, पडतात, त्यांतून पाणी शिरते आणि चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी, तर सपाट पृष्ठावर एकाच बाजूने मारा होतो. कोपरे आधी जातात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटत आत कठीण गाभा उरतो. दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टी दिसली तर तिथे अवश्य थांबावे, कारण ती पुढचा लाव्हा येण्यापूर्वी उघड्या पृष्ठभागावर झालेल्या विदारणाची खूण असते. दरडीला हात लावून माल पाडू नये.

क्षरण समजून घेण्यासाठी जानापावची टेकडी गाठावी, कारण माझ्या मते सगळ्या वाटेचे मर्म इथे आहे. सुमारे 850 मीटर उंचीच्या या परिसरात चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे सुमारे 960 किलोमीटर चालून यमुनेला मिळते, तोवर ती सातशेहून थोडे अधिक मीटर उतरलेली असते. जवळजवळ तेवढाच उतार दक्षिणेला महेश्वरच्या नर्मदेपर्यंत, सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आत मिळतो. नर्मदेचे खोरे भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या, पट्ट्यात खोल बसलेले असल्यामुळे दक्षिणेकडचे ओढे तीव्र उतारावरून धावतात, मोठा माल ओढतात आणि पठाराची कड मागे मागे कुरतडत नेतात. नर्मदेला मिळणाऱ्या चोरल नदीवरचा पाताळपाणीचा धबधबा हेच काम दाखवतो. तिथे कडा आणि खालच्या दरीत पडलेले मोठे धोंडे एकत्र पाहावेत. पाणलोटात दूर पाऊस पडला तरी पात्रात पाणी अचानक वाढते, म्हणून पात्रात न उतरता वरूनच निरीक्षण करावे. वाऱ्याचे काम या भागात गौण आहे.

महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा खडकाळ पात्रातून अनेक फाट्यांनी वाहते. प्रवाहात फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे अशा पात्रात शोधावेत. संचयन पाहायचे तर नदीच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या वळणावर जावे. बाहेरच्या काठावर वेग जास्त असल्याने तो कापला जातो. आतल्या काठावर वेग मंदावतो आणि आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ असा माल खाली बसतो. मात्र वरच्या बाजूला इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत. त्यामुळे मुख्य पात्रातला गाळ पाहून नदीच्या मूळ स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नये, त्यासाठी लहान ओढा अधिक प्रामाणिक साक्षीदार असतो.

घरी आल्यावर ओढ्याकाठची मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यासह जोराने हलवून ठेवावी. वाळू जवळजवळ लगेच बसते, बारीक गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीमुळे पाणी कित्येकदा दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. शेजारी शेतातल्या काळ्या मातीची दुसरी बरणी ठेवावी आणि दोन्हींतल्या थरांची जाडी पट्टीने मोजावी. जिच्यात वाळूचा थर जाड असेल, तिचा माल वेगाच्या पाण्याने आणून टाकलेला आहे, असे समजण्यास आधार मिळतो.