‘पिक अप’ म्हणजे दर वेळी ‘उचलणे’ नव्हे

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन २०११ साली मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, निर्यात विभागाचा पत्रव्यवहार पाहण्यासाठी रुजू झालो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझे इंग्रजी व्याकरण बरे होते. अडचण होती ती दोन-तीन अक्षरांच्या शब्दांची. मोठे शब्द शब्दकोशात सापडत असत, मात्र ‘पिक’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द येत असूनही ‘पिक अप’ कळत नाही, हे मला पहिला फटका बसेपर्यंत ठाऊक नव्हते.

काही कास्टिंगमध्ये (ओतीव भागांत) ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळ छिद्रे, सापडल्याची तक्रार घेऊन एका युरोपीय ग्राहकाशी आमची मेलवर चर्चा चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या मेलच्या शेवटी वाक्य होते : ‘वी विल पिक धिस अप ऑन मंडे.’ मी त्याचा अर्थ ‘सोमवारी माल उचलतो’ असा लावला आणि डिस्पॅचला तसे कळवून टाकले. सोमवारी सकाळी बारा लाकडी पेट्या पट्ट्या आवळून, पावसाचे दिवस म्हणून वर ताडपत्री टाकून, गेटजवळ मांडून ठेवल्या होत्या. दुपार झाली तरी फॉरवर्डरच्या, म्हणजे माल परदेशी पाठवणाऱ्या एजंटच्या, गाडीचा पत्ता नव्हता. अडीचच्या सुमारास ग्राहकाची मेल आली, तिच्यात ब्लो होलविषयी तीन नेमके प्रश्न होते आणि माझ्यापाशी एकाचेही उत्तर तयार नव्हते. ‘साहेब, गाडी येत न्हाई, मेलच येत्यात नुसत्या,’ असे म्हणत डिस्पॅचच्या मामांनी पेट्या पुन्हा आत घेतल्या. ‘हा विषय सोमवारी पुढे चालू करू’ एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता.

त्यानंतर मी हे एकच क्रियापद नीट अभ्यासायचे ठरवले, आणि माझ्या लक्षात आले की मराठी माणसाला अर्धी वाट आधीच माहीत असते. आपण फोन उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, लहान मूल शेजारच्यांची बोली पटकन उचलते; या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ बिनदिक्कत चालते. एका क्रियापदाला दुसरा छोटा शब्द जोडला की अर्थ फिरतो, हेही आपल्याला नवे नाही. ‘बोललो’ आणि ‘बोलून बसलो’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याने ‘अप’ला घाबरण्याचे कारण नाही.

खरी गफलत पुढच्या अर्ध्या वाटेत होते. आमच्याकडे आलेल्या एका परदेशी पाहुण्याने जेवताना सांगितले की त्याने देवळाजवळ एक कोल्हापुरी जोड ‘पिक अप’ केला. हे मनातल्या मनात मराठीत आणले, तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कुणा भाविकाचे पायताण त्याने उचलले असे होते! प्रत्यक्षात त्याने चप्पल लाइनमध्ये रीतसर पैसे मोजले होते. जाता-येता सहज केलेल्या खरेदीला इंग्रजीत हा शब्द वापरतात. सर्दी-ताप लागणे, रेडिओने लहरी पकडणे, गाडीने वेग घेणे, या अर्थांनाही मराठीत ‘उचलणे’ बसत नाही. उलट ‘मागणी उचलून धरली’ यातील पाठिंब्याचा अर्थ ‘पिक अप’मध्ये नाही, तेथे ‘सपोर्ट’ लिहावे.

व्यापारात सर्वाधिक भेटणारा अर्थ आणखी वेगळा आहे. ‘डिमांड इज पिकिंग अप’ या वाक्यात कोणी काही उचलत नाही. मागणीच वाढते आहे. शाहू मार्केट यार्डात ‘गुळाला उठाव आहे’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा हा प्रयोग आहे. त्यामुळे मी नवोदितांना अर्थांची यादी पाठ करायला सांगत नाही. आधी कर्ता कोण आणि कर्म आहे का, हे पाहावे. कर्म नसेल आणि कर्ता विक्री, वारा, वेग किंवा प्रकृती यांपैकी असेल, तर अर्थ बहुधा वाढण्याचा किंवा सुधारण्याचा असतो. कर्म ‘धिस’ असेल, तर तो माल आहे की विषय, हे मागच्या दोन ओळी वाचल्याशिवाय ठरवू नये. मी त्या वाचल्या नव्हत्या.

रचनेचे नियम थोडे आहेत. कर्म नाम असेल तर ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ ही दोन्ही रूपे चालतात, मात्र सर्वनाम मधेच येते : ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि ते चूक आहे. क्रियापद तोडून लिहावे. जोडून लिहिलेला ‘पिकअप’ हे नाम आहे आणि त्याचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. आपण बुलेटचा पिकअप म्हणतो किंवा भाजीची पिकअप म्हणतो, तेव्हा ते नामच असते. या सवयीमुळेच अनेकांच्या मेलमध्ये ‘पिकअप्ड’ हे नसलेले रूप शिरते. भूतकाळ ‘पिक्ट अप’ असा ‘पिक’ला होतो, ‘अप’ला नाही.

व्यक्तीविषयी लिहिताना ठिकाण अवश्य घालावे. ‘उजळाईवाडीच्या विमानतळावरून मॅडमना पिक अप केले’ हे निर्धोक आहे. ठिकाण गाळून नुसतेच ‘ही पिक्ट हर अप’ लिहिले, तर अनोळखी बाईशी सलगी केल्याचाही अर्थ निघू शकतो.

माझ्या वहीत या क्रियापदासाठी राखलेल्या पानावर एक ओळ मी मुद्दाम लाल शाईने लिहिली आहे. ऊसतोड मजुराने हंगामाआधी घेतलेली उचल म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’, आणि कारखान्याने शेतकऱ्याला दिलेली उसाची पहिली उचल म्हणजे ‘फर्स्ट इन्स्टॉलमेंट’. या दोन्ही ठिकाणी ‘पिक अप’ लिहायचे नाही.