अंतराळवीर व्हायचे असेल तर आधी टेस्ट पायलट: मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी

१९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये गेलेले शुभांशु शुक्ला हे दोघेही आधी एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, कॅडेट, मग वायुसेनेचे लढाऊ वैमानिक आणि त्यानंतर टेस्ट पायलट, म्हणजे विमानांची चाचणी घेणारे वैमानिक, होते. गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेच्या पहिल्या तुकडीत निवडले गेलेले चौघेही वायुसेनेचे टेस्ट पायलटच आहेत. त्यामुळे ज्याला या वाटेने जायचे आहे, त्याने उत्तम वैमानिक होणे हेच पहिले ध्येय धरावे.

या वाटेचा पहिला निर्णय आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच होऊन जातो, आणि बहुतेक घरांत तो नकळत होतो. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमुळे हुशार मुलाने ‘नीट’चीच तयारी करायची, असा जणू प्रघात पडला आहे. त्या नादात बायोलॉजी ठेवून गणित सोडले जाते आणि वायुसेनेचा दरवाजा तिथेच बंद होतो, कारण एनडीएमधून वायुसेनेत जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतेच. घरच्यांना बायोलॉजी हवीच असेल तर दोन्ही विषय ठेवता येतात. अभ्यासाचा भार वाढतो, पण गणित मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

दहावीनंतर मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेची, म्हणजे ‘एसपीआय’ची, प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेली ही संस्था अकरावी-बारावीबरोबरच एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे, आणि २०२२ पासून मुलींनाही एनडीएत प्रवेश मिळू लागला आहे. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. त्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात, तर पुढच्या एसएसबी, म्हणजे सेना निवड मंडळाच्या, मुलाखतीला ९०० गुण असतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्याने गणिताच्या इंग्रजी संज्ञा अकरावीच्या पहिल्या दिवसापासूनच तोंडात बसवाव्यात.

एसएसबी ही पाच दिवसांची निवड प्रक्रिया असते. तिच्या एका चाचणीत पडद्यावर एकापाठोपाठ ६० शब्द दाखवतात आणि प्रत्येक शब्दावरून १५ सेकंदांत एक वाक्य लिहायचे असते. आधी मराठीत सुचवून मग इंग्रजीत करणाऱ्याचे हे १५ सेकंद भाषांतरातच संपतात. इथे भारदस्त इंग्रजीचा उपयोग नाही. साधे, छोटे वाक्य चटकन लिहिण्याची सवय हवी, आणि ती रोज घड्याळ लावूनच लागते. वैमानिक होण्यासाठी याशिवाय ‘सीपीएसएस’ ही संगणकीय चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला वैमानिक होण्याची दुसरी संधी नसते.

वैद्यकीय तपासणीत अनेकांचे स्वप्न अडते, तेव्हा डोळे, रंगज्ञान, उंची आणि पायांची लांबी यांची तपासणी आपल्या गावच्या डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावी. गोंदणाबाबत विशेष जपावे. कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीवर गोंदलेले चालते; पण जत्रेत हौसेने छातीवर किंवा दंडावर काढून घेतलेले नाव उमेदवाराला बाद करू शकते.

खडकवासल्याची तीन वर्षे झाली की उड्डाणाचे शिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत सुरू होते. लढाऊ विमानांसाठी निवडलेले कॅडेट पुढे हॉक या प्रशिक्षण विमानावर शिकतात, आणि हे शिक्षण आपल्या उदगीरच्या शेजारच्या बिदरला होते. तिथून स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे वायुसेनेच्या विमान-तुकडीत, गेल्यावर काही वर्षे उड्डाणाचा अनुभवच जमा करायचा असतो.

त्यानंतरचा टप्पा बंगळुरूच्या टेस्ट पायलट स्कूलचा. टेस्ट पायलट म्हणजे जिवावर उदार झालेला धाडसी माणूस, ही समजूत चुकीची आहे. विमान कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीवर, कसे वागले हे मोजून सांगणे हे त्याचे काम. विमान हाताळायला किती सोपे किंवा अवघड आहे, याचे तो एक ते दहा अशा ठरावीक मापाने मूल्यमापन करतो आणि नंतर अभियंत्यांना उपयोगी पडेल असा अहवाल लिहितो. नवे यान पारखायला अशीच नजर लागते. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे, त्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

गगनयानाची निवड २०१९ मध्ये बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत झाली. चौघांनी फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेतले, आणि पुढचे शिक्षण बंगळुरूला झाले. शुक्ला २००६ मध्ये वायुसेनेत अधिकारी झाले आणि २५ जून २०२५ रोजी अॅक्सियम-४ मोहिमेतून अंतराळ स्थानकाकडे निघाले. मध्ये एकोणीस वर्षे गेली. त्याच मोहिमेसाठी प्रशांत नायर राखीव होते, तर १९८४ मध्ये रवीश मल्होत्रा राकेश शर्मांबरोबर तितकेच प्रशिक्षण घेऊनही जमिनीवर राहिले. तेव्हा या वाटेवर येणाऱ्याने वायुसेनेतील उड्डाणालाच आपले मुख्य काम मानावे, आणि अंतराळाची निवड झाली तर ती त्यातलीच एक नेमणूक समजावी.