मुलांसोबत डोंगरवाटेवर सायकल चालवताय? या चुका टाळा

‘वाढत्या अंगाचं घे’ हा आपल्या घरांतला जुना सल्ला शर्टाला चालतो, शाळेच्या गणवेशालाही चालतो. सायकलला मात्र तो लावू नका.

थोरली आठ वर्षांची असताना मी तिला 24 इंची सायकल घेतली. दुकानात सीटवर बसवलं तेव्हा तिच्या पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागत होती, तरी ‘दोन-तीन वर्षं बघायला नको’ म्हणून पैसे दिले. पहिल्याच रविवारी आम्ही नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या मुरमाच्या वाटेवर गेलो. वाटेत थांबताना तिनं एक पाय खाली टाकला, तो नेमका खळग्यात गेला आणि ती सायकलच्या दांडीवर आदळली. पुढचे चार महिने तिनं सायकलकडे पाहिलं नाही. डांबरी रस्त्यावर थोडी मोठी सायकल निभावून जाते, कारण तिथे पाय कुठे टेकणार हे ठाऊक असतं. कच्च्या वाटेवर जमीन कधी चार बोटं वर असते, कधी वीतभर खाली.

वयावरून सायकल निवडू नका, पायाच्या लांबीवरून निवडा. बूट काढून मुलाला भिंतीला पाठ टेकवून उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ते माप घेऊन दुकानात जा. मूल दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिलं की दांडी आणि जांघ यांच्यात किमान 5 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. चढउताराची वाट असेल तर जास्तच. साधारणपणे सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला 20 इंची बसते, पण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत किती फरक असतो हे आपण बघतोच. कच्च्या वाटेवर सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकतील. त्यानं पॅडल मारायला थोडं जड जातं, पण भीती जाते, आणि पहिल्या महिन्यात भीती जाणं जास्त महत्त्वाचं.

वजन कुणी बघतच नाही

घरचा वजनकाटा काढा. आधी स्वतः उभे राहा, मग मुलाची सायकल उचलून पुन्हा उभे राहा आणि वजाबाकी करा. मुलांच्या स्टीलच्या सायकली सहज 14 किलोच्या निघतात. मूल 22 किलोचं असेल तर हिशोब असा होतो, की 65 किलोच्या बापाला 41 किलोची सायकल घेऊन चढ चढायचा आहे. त्यावर आपण म्हणतो, ‘आमच्या मुलाला चढ आवडतच नाही.’

डबल शॉकअपचा मोह याच कारणासाठी टाळा. स्वस्त सायकलींमधली स्प्रिंग इतकी कडक असते की वीस-बावीस किलोच्या मुलाच्या वजनानं ती दबतच नाही. दबली, तर उसळून तितक्याच जोरात परत येते. म्हणजे उपयोग काही नाही आणि दोन-तीन किलो ओझं मात्र वाढलं. सध्या मुलांना हव्या असलेल्या खूप जाड टायरच्या सायकलींचंही तेच. शॉकअप नसलेली, दोन इंच रुंद टायरची, हलकी सायकल आपल्याकडच्या मुरमाला सगळ्यात योग्य, असं माझं ठाम मत आहे.

घरी आणल्यावर स्टँड काढून ठेवा. खडबडीत वाटेवर हिसक्यानं तो उघडतो आणि डावीकडे वळताना जमिनीला अडतो. पॅडल बदलणार असाल तर डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवा. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. हे न कळल्यामुळे जोर लावून क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे घालवलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत.

ब्रेक: इथे घाई करू नका

मूल उतारावर थांबत नाही म्हणून त्याला ओरडण्याआधी त्याचा हात बघा. ब्रेकचा लिव्हर मोठ्या माणसाच्या पंज्याच्या अंतरावर असेल तर मुलाची बोटं फक्त टोकानं तिथं पोचतात. त्या टोकांत जोर कुठून येणार? बहुतेक लिव्हरांना हँडलच्या जवळ एक छोटा स्क्रू असतो, अनेकदा बारीक ॲलन कीनं फिरणारा. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानात कुणी आपणहून करून देत नाही. त्यानंतर वायर पुन्हा ताणून घ्या, नाहीतर लिव्हर थेट ग्रिपला टेकेल.

दुसरी चूक आपल्या जिभेवर असते: ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील.’ मूल हे मनापासून ऐकतं आणि आयुष्यभर फक्त मागचा दाबतं. मुरमावर मागचं चाक लगेच घसरतं आणि सायकल आडवी जाते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण थांबताना वजन पुढे येतं. म्हणून दोन्ही एकदम, हळूहळू, कंबर मागे नेत दाबायला शिकवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूची रेघ मारा आणि रेघेवर पुढचं चाक आणून थांबायचा खेळ करा. आमच्या धाकट्यानं एका रविवारी हे चाळीस वेळा केलं आणि त्यानंतर उताराला तो कधी घाबरला नाही.

ब्रेक लागतच नसतील तर या क्रमानं तपासा. पंक्चर काढताना चाक खोललं होतं का? रिम ब्रेकची वायर चाक काढण्यासाठी हुकातून सोडतात आणि परत अडकवायची राहते. मी स्वतः एकदा तशीच सायकल मुलाच्या हातात देणार होते. वायर ठीक असेल तर रबर बघा. ते रिमवर बसायला हवं. टायरला घासत असेल तर टायर कडेनं कापला जातो. डिस्क ब्रेक असेल आणि चीं चीं आवाज करत घसरत असेल, तर डिस्कवर तेल गेलंय. चेनला गॅरेजमधलं काळं ऑइल ब्रशनं फासायची आपल्याकडे पद्धत आहे. ते उडून डिस्कवर जातं. डिस्क स्वच्छ कापडानं स्पिरिट लावून पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला, दुसरा इलाज नाही. आणि उतारानंतर डिस्कला हात लावायचा नाही हे मुलाला आधीच सांगा, ती चटका बसेल इतकी तापते.

थंडीत आणखी एक गोष्ट होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. पहाटे निघालेल्या मुलाची बोटं बधिर होतात आणि नेमका ब्रेक दाबायचा तेव्हा ती वळत नाहीत. बोटं झाकणारे हातमोजे घाला, नाहीतर ऊन वर येऊ द्या.

हँडलचं उघडं टोक

या एका गोष्टीबद्दल मी भेटेल त्या पालकाला सांगत असते. सायकल दहा वेळा पडली की रबरी ग्रिपचं टोक फाटतं आणि आतली पोकळ नळी उघडी पडते. मूल पडताना हँडल वळतं आणि ते टोक पोटात जातं. वेग कमी असला तरी पोटाच्या आत मार लागू शकतो, प्लीहा, यकृत, स्वादुपिंड यांना, आणि बाहेर मात्र एक लाल गोल ठिपका दिसतो किंवा तोही दिसत नाही. दर महिन्याला ग्रिप तपासा, फाटली की बदला, टोकाला बूच घाला. हँडल पोटात लागलं असेल आणि मूल पोट धरून बसलं असेल, उलटी करत असेल, फिकट पडलं असेल, तर ‘बघू संध्याकाळपर्यंत’ म्हणू नका. थेट डॉक्टरांकडे न्या आणि हँडल लागल्याचं स्पष्ट सांगा.

हेल्मेटच्या बाबतीतही वाढत्या अंगाचा हिशोब नको. ते भुवईच्या वर दोन बोटं बसायला हवं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकंच सैल असावं. मान हलवल्यावर हेल्मेट हललं तर ते मोठं आहे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजा. डोक्याला मार लागल्यावर मूल उलटी करू लागलं, पेंगू लागलं, तेच तेच विचारू लागलं तर लगेच दवाखाना गाठा.

हवा, काटे आणि चुकीची ट्यूब

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावतो आणि टायर दगडासारखा करून देतो. मोठ्यांच्या रोडच्या सायकलला ते चालेल. मुलाचं वजन कमी, त्यामुळे असा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि मूल म्हणतं हात दुखतात. टायरच्या कडेवर हवेचे आकडे छापलेले असतात. त्यातल्या खालच्या आकड्याजवळ राहा.

पंक्चर झालं की भोक वाचायला शिका. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटली गेली. एकच भोक असेल तर काटा. नाशिकच्या आसपास बांधाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात आणि पावसाळ्यानंतर सराटे वाळून वाटेत पडतात, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर काटा हेच असतं. पॅच लावायच्या आधी टायरच्या आतून कापड फिरवा. काटा आतच राहिला तर दहा मिनिटांत पुन्हा तेच.

आणि पिशवीतली ट्यूब कुठल्या मापाची आहे ते आत्ताच बघा. स्वतःच्या 29 इंची सायकलची ट्यूब घेऊन फिरणारे आणि मुलाच्या 20 इंची सायकलचं चाक पंक्चर झालं की हात चोळत उभे राहणारे पालक मला दर मोसमात भेटतात.

चेन सारखी पडत असेल आणि सायकल नुकतीच उजव्या बाजूला आपटली असेल तर मागून बघा. डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, जिथे लटकतो तो छोटा धातूचा तुकडा आत वाकलेला असतो. वायर कितीही आवळली तरी त्यानं फरक पडणार नाही, तो तुकडा मेकॅनिककडून सरळ करून घ्यावा लागतो. तोवर सगळ्यात मोठ्या मागच्या चक्रीवर गिअर टाकू देऊ नका, नाहीतर डिरेलर चाकाच्या तारांत अडकतो.

कुठे जायचं, कुठे नाही

नाशिकला अंतराचं वेड आहे आणि त्याचा अभिमानही वाटावा असाच आहे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, इथून पंढरपूरला सायकल वारी जाते. पण हाच किलोमीटरचा हिशोब आपण सात वर्षांच्या मुलाला लावतो, तिथं चुकतं. त्याच्यासाठी वेळ मोजा, वाटेत किती ठिकाणी थांबलात ते मोजा. सुरुवातीला थांबे धरून एक तास पुरे.

दिशा निवडताना गोदावरीकडे बघा. नदी पश्चिमेहून पूर्वेला वाहते, म्हणजे त्र्यंबकची बाजू उंच. गंगापूर, गिरणारेकडे गेलात तर जाताना हलका चढ आणि दमल्यावर परतताना उतार. ओढा, निफाडच्या बाजूला गेलात तर उलटं होतं. मजेत लांब जायचं आणि थकलेल्या मुलाला घेऊन चढत यायचं.

रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी, आशेवाडीच्या बाजूला मुलांना आवडतील अशा वाटा आहेत, पण पेठ रोडवर ट्रक फार. सायकली गाडीत घालून तिथवर न्या. अंजनेरीच्या पठारावर चाकं नेऊ नका. तिथल्या पातळ मातीत, कातळावर दुर्मीळ वनस्पती आहेत, त्यांतल्या एका कंदीलपुष्पाचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडलंय. एका टायरच्या घसरण्यानं वर्षाचा बहर जातो.

द्राक्षबागांमधल्या वाटा सुंदर असतात, पण त्या कुणाच्या तरी शेतातल्या आहेत. ‘दादा, इथून जाऊ का?’ एवढं विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू होते. ब्लोअरचा आवाज आला की मुलांना घेऊन मागे फिरा, ते औषध श्वासात जायला नको. जानेवारीपासून माल निघायला लागला की त्याच अरुंद रस्त्यांवर पिकअप आणि ट्रॅक्टर भरधाव असतात. डांबरी रस्त्यावर मोठ्या माणसानं मुलाच्या मागे, थोडं उजवीकडे राहायचं. कच्च्या उतारावर पुढे राहायचं, म्हणजे वेग आपल्या हातात राहतो.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर अजिबात नको. चिखल टायर आणि ब्रेकच्या मध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. मुरमाची वाट मात्र दोन दिवस उघडीप मिळाली की चालते.

मूल वाटेत बसलं तर

बहुतेक वेळा ते दमलेलं नसतं, भुकेलं किंवा तहानलेलं असतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी, मागण्याआधी दोन घोट पाणी द्या. केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की खिशात ठेवा. मिसळ परतल्यावर, निघण्याआधी खाल्ली तर पहिल्याच चढाला पोटात ढवळतं.

खाऊनही ते उठलं नाही तर ओढायची सोय हवी. मी जुन्या ट्यूबचा पट्टा बरोबर ठेवते. माझ्या सीटच्या नळीला एक टोक, थोरलीच्या हँडलच्या मधल्या भागाला दुसरं, आणि ते टोक तिला एका हातानं काढता आलं पाहिजे. फक्त चढाला, माथ्यावर पोचलं की सोडायचं, उताराला कधीच नाही. पहिल्यांदा हे घराजवळ करून बघा. आणि तेही नको म्हणाली तर दोघींनी सायकली हातात धरून चालायचं. गिरणाऱ्याच्या वाटेवर आम्ही एकदा असं पाऊण तास चाललो. तिनं वाटेत सतरा खंड्या मोजले आणि पुढच्या रविवारी तिथंच परत जायचं म्हणाली.