काळ्या रानात रुतलेली पिकअप कशी काढायची

सोयाबीन काढून पोती भरायची वेळ आणि परतीचा पाऊस एकदमच येतात. टोमॅटो, कांदा, डाळिंब, संत्री यांचंही तेच. माल शेतात आहे, सकाळी बाजार गाठायचा आहे, म्हणून पिकअप थेट रानात घातली जाते आणि पन्नास फुटांवर बसते. खरं नुकसान त्यानंतरच्या दोन मिनिटांत होतं, कारण ड्रायव्हर पाय दाबून धरतो. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही असं दिसलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. एवढी एक सवय लागली तरी निम्म्या वेळा ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे गावोगावी दिसणारी दीड टनाच्या आसपास माल नेणारी पिकअप. तिची ओढ मागच्या चाकांना असते, मागे स्प्रिंगचे पाटे असतात आणि डिफ्रन्शिअल, म्हणजे दोन मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, साधं, बिनालॉकचं असतं. फोर व्हील असेल तर काम सोपं होतं, पण ते चिखलात शिरण्याआधी टाकायचं, बसल्यावर नाही. डांबरीवर आल्यावर लगेच काढायचं, नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरांवर येतो.

आत जायचं की नाही

काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगा पडतात. त्यामुळे एकाच रानाची दोन वेगळी रूपं दिसतात. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानावर पहिला जोराचा पाऊस झाला तर पाणी भेगांतून खोल उतरतं. वरून रान सुकल्यासारखं दिसतं आणि खाली लोणी असतं. गाडी अशा जागी अचानक आणि खोल बसते. याउलट, ओल धरून असलेल्या रानावर हलकी सर आली तर वरचे दोन-तीन इंचच निसरडे होतात आणि खाली घट्ट असतं. तिथे गाडी घसरते, पण बुडत नाही. पुढे उपाय निवडताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

वाफसा, म्हणजे ओल उतरून रान कामाला आलं का, हे बघायची जुनी रीत गाडीलाही लागू आहे. फावड्याने वीतभर खणून खालची माती मुठीत घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. गोळा फुटून विखुरला तर रिकामी गाडी जाईल. गोळा नुसता चपटा झाला तर रिकामीही नेऊ नका. वरच्या मातीवर ही परीक्षा घेऊन उपयोग नाही, टायरचं वजन खाली पोचतं. परीक्षा पास झाली तरी भरलेल्या गाडीसाठी एक दिवस जास्त थांबलेलं बरं.

जायचंच असेल तर आधी पायी चालून या. पाटाच्या कडेने, ठिबकच्या गळक्या जोडाजवळून किंवा बांधाच्या खालच्या अंगाने जाऊ नका, तिथे ओल सगळ्यांत शेवटी उतरते. नांगरलेल्या तुकड्यापेक्षा धसकटं असलेला तुकडा बरा, मुळांनी माती धरलेली असते. गाडी उताराकडे तोंड करून, निघायच्या दिशेने लावा, म्हणजे भरल्यावर चढ चढावा लागणार नाही.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून ती निसरड्यावर फार नाचते. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे दीड-दोनशे किलो टाकलं की पकड येते. डीएपीच्या ५० किलोच्या चार पिशव्या पुरतात. युरियाची पिशवी ४५ किलोची, तीही चालेल. वजन पार शेपटाकडे टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

गाडीत काय असावं

आखूड दांड्याचं फावडं. साधारण चार फूट लांब, नऊ-दहा इंच रुंद आणि दोन इंच जाड अशा दोन फळ्या. बाभळीच्या असल्या तर उत्तम, प्लायवूड पहिल्याच चाकाखाली चिरतं. बाटली जॅक, आणि त्याच्याखाली ठेवायला दीड फूट बाय एक फुटाची जाड पाटी. ही पाटी नसेल तर चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. चार-पाच रिकामी बारदानं. ओढायला पॉलिस्टरचा पट्टा, दोन्ही टोकांना शिवलेले फास असलेला, आणि तो हुकाला अडकवायला दोन शॅकल, म्हणजे पिनेच्या लोखंडी कड्या. भरलेली पिकअप तीन टनांच्या आसपास जाते आणि वर चिखल तिला धरून ठेवतो, म्हणून पट्ट्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट तरी हवी. माल बांधायचा नायलॉनचा दोर या कामाचा नाही.

रात्री पाणी द्यायला किंवा राखणीला जाणाऱ्यांनी डोक्याची बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट ठेवावेत. रुतलेल्या चाकाजवळ अंधारात हात घालण्याआधी उजेड टाका. काढणी झालेल्या रानात उंदरांच्या मागे घोणस आणि मण्यार असतात, धसकटांत त्या दिसत नाहीत. चावा झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका, माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा.

बसल्यावर

इंजिन चालू ठेवून खाली उतरा आणि चारही चाकं बघा. एक मागचं चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागेवर उभं राहतं, हा गाडीचा बिघाड नाही. साधं डिफ्रन्शिअल ज्या चाकाला कमी विरोध असतो त्यालाच फिरवतं. शिवाय एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. काटा २० दाखवत असेल तेव्हा चिखलातलं चाक ४० च्या वेगाने फिरत असतं. तेवढ्यात त्याला अचानक दगड लागला तर शाफ्ट किंवा आतले छोटे गिअर तुटतात. पाय दाबून गाडी काढण्याचा हट्ट म्हणूनच महागात पडतो.

आता ठरवायचं एवढंच की चाक वरच्या वर घसरतंय की खाली जातंय.

घसरत असेल आणि टायर पाव भागापेक्षा कमी बुडालं असेल तर वजन वाढवा. मागे दोन माणसं ॲक्सलच्या वर बसवा, स्टिअरिंग सरळ करा आणि आलेल्या चाकोरीतून उलटं या. पुढे जाण्यापेक्षा मागे येणं जवळपास नेहमी सोपं, कारण चाकोरीतली माती आपल्याच वजनाने दाबली गेलेली असते. स्टिअरिंग सरळ आहे का हे काचेतून मान बाहेर काढून डोळ्यांनी बघा. तिरकं राहिलेलं पुढचं चाक नांगरासारखं माती ढकलतं. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून सावकाश क्लच सोडला तर फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळतो आणि थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. गाडी सुटली की हँडब्रेक लगेच खाली करा. पुढे-मागे झुलवणं चार-पाच वेळा करून बघा. त्यात क्लच अर्धा दाबून धरू नका, पूर्ण दाबा नाहीतर पूर्ण सोडा. जळका वास आला की थांबा, प्लेट जाते आहे.

चाक खाली जात असेल तर वजन उतरवा. पोती उतरवायचा कंटाळा येतो, हमाली दुप्पट पडते, हे मान्य. पण टनभर माल घेऊन काढायला गेलं की गाडी ॲक्सलपर्यंत जाते आणि मग पोती चिखलातूनच उतरवावी लागतात. आधी ॲक्सलच्या मागची पोती खाली घ्या.

मग हवा कमी करा. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांत २० पौंडांपर्यंत, माल असेल तर ३० च्या खाली नको. टायर पसरून जमिनीला लांबट टेकतं. ट्यूबचं टायर याहून सैल केलं तर ते रिमवर सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. मग चिखलात पंक्चर काढायची वेळ येते.

खोदायचं ते निघायच्या दिशेने. प्रत्येक चाकासमोर तीन फूट लांबीचा सौम्य उतार करा, चारही चाकांना. पुढची चाकं लोक विसरतात. मागच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे डिफ्रन्शिअलचा मधला फुगीर भाग, जमिनीला टेकला असेल तर त्याच्याखालची आणि समोरची माती काढल्याशिवाय गाडी हलणार नाही, कारण चाकं लोंबकळत असतात. ओल्या चिखलाने खालचा भाग चिकटलेला असतो. फावड्याने कडा मोकळ्या केल्या की आत हवा शिरते आणि चिकटा सुटतो.

जॅक लावण्याआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पाटी सपाट बसवा, जॅक स्प्रिंगच्या पाट्यांच्या बोल्टजवळ ॲक्सलखाली लावा, मधल्या गोळ्याखाली नको. चाक खळग्यातून चार-पाच इंच वर आलं की खाली दगड, विटांचे तुकडे भरा आणि वरून फळी सरकवा. उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा पाय नाही, दगड फावड्यानेच ढकलायचे. एक चाक झालं की दुसरंही करायचं. एकाच चाकाखाली फळी घातली तर ताकद उघड्या चाकाकडे पळते आणि मेहनत वाया जाते.

दगड नसेल तर कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या चाकाला आडव्या घाला आणि त्यावर बारदान. ओलं पाचट घसरतं. सुकं पाचट पकड देतं, पण ते सायलेन्सरला लागू देऊ नका. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करताना फार तापतो आणि सुकं पाचट पेट घेऊ शकतं.

निघताना पहिला गिअर, मुंगीच्या चालीने. फळीच्या मागे कुणी उभं राहू नये, चाक घसरलं की फळी मागे गोळीसारखी सुटते.

ट्रॅक्टरने ओढताना

पिकअपकडून पट्टा चेसिसच्या हुकाला. बंपर, पाटे, स्टिअरिंगचा रॉड यांना कधीही नाही. ट्रॅक्टरकडून खालच्या हुकाला, ट्रॉलीची पिन जिथे लागते तिथे. वरच्या लिंकला किंवा उंच जागी बांधलं आणि गाडी हलली नाही, तर मागची चाकं जागेवर रोवून ट्रॅक्टरच पुढून वर उठतो आणि ड्रायव्हरवर उलटतो. हे क्षणात होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

ट्रॅक्टर कोरड्यावर उभा करा, पट्टा कमी पडला तर दुसरा जोडा, पण ट्रॅक्टर चिखलात आणू नका. वायर रोप वापरलाच तर मधोमध ओली बारदानं टाका, तुटल्यावर झटका कमी बसतो. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस, विशेषतः बघायला जमलेली पोरं, नको. इशारे एकाच माणसाने द्यायचे. आधी सावकाश ताण आणा, मग ओढा. झटका देऊन ओढलं की हुक उपटतो. पिकअपचं इंजिन चालू हवं, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग दगड होतात. चाकं हळू फिरत ठेवायची. जेसीबीचा बकेट मागे लावून ढकलणं टाळा, मागचा फाळका (उघडायची फळी) वाकतो आणि चेसिसवर ताण येतो.

निघाल्यावर

डांबरीवर जाण्याआधी हवा भरा. सैल टायर वेगात तापून फुटतं. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल काढा. तो सुकला की पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटला पैसे घालतात. पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. वॉशिंगचा जोराचा फवारा जवळून मारला की जाळीची पाती आडवी होतात.

त्याच आठवड्यात शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या पिना यांना ग्रीस मारा. जुनं मातकट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. ॲक्सल पाण्यात बुडाला असेल तर मागच्या गोळ्याचं ऑइल बघा. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि गोळ्याच्या हवा सोडायच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलाच, पाण्यातले बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत.

रानातली चाकोरी माती मऊ आहे तोवर फावड्याने मोडून घ्या. तशीच सुकली तर पुढच्या पावसात तिच्यात पाणी साचतं आणि तीच जागा परत गाडी धरते. येण्याजाण्याची कायमची वाट असेल तिथे मुरूम टाकून दाबा, काळी मातीच परत भरून उपयोग नाही. आणि चाकाखाली घातलेले दगड-विटा मोजून बाहेर काढा, रब्बीला रोटाव्हेटर फिरवताना पाती त्यांच्यावरच तुटतात.